स्विचवरचा टनेल आणि बाहेरच्या पॅकेटचा हिशेब

लेअर थ्री स्विचवर टनेल इंटरफेस तयार करायला पाच ओळी पुरतात. इंटरफेसला क्रमांक द्यायचा, टनेलचा प्रकार सांगायचा, त्याला एक आयपी पत्ता द्यायचा, मग सोर्स म्हणजे आपल्या टोकाचा पत्ता आणि डेस्टिनेशन म्हणजे पलीकडच्या टोकाचा. हेच पलीकडच्या स्विचवर उलट लिहिलं की दोन्हीकडे इंटरफेस 'अप' दिसतो, पिंगला उत्तर येतं आणि काम झाल्याची नोंद होते. तक्रारी नंतर येऊ लागतात. मेल येते पण जोडलेली फाइल उतरत नाही, लॉगिन होतं पण मोठा अहवाल अर्ध्यात अडकतो, लिंकवर जागा भरपूर असूनही दुपारच्या गर्दीत सगळं रेंगाळतं. अशा वेळी माणूस त्या पाच ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसतो आणि त्या बरोबरच असतात. बिघाड असतो बाहेरच्या पॅकेटमध्ये: ते कोणत्या वाटेने जातं, किती मोठं होतं आणि स्विचमधला कोणता भाग ते तयार करतो, यात. म्हणून माझं म्हणणं असं की टनेलची मांडणी बाहेरच्या पॅकेटपासून सुरू करावी आणि त्या पाच ओळी सगळ्यात शेवटी लिहाव्यात. प्रचलित क्रम याच्या नेमका उलट आहे आणि बहुतेक त्रास त्या उलट क्रमातूनच निघतो.

टनेलचं काम समजायला कोकण रेल्वेची रो-रो सेवा चांगली उपयोगी पडते. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा या मार्गावर मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेले जातात. ट्रकला स्वतःचं इंजिन आहे, चाकं आहेत, चालकही आत बसलेला आहे. पण त्या प्रवासापुरती वाट ठरवते रेल्वे, आणि मधली स्टेशनं ट्रकच्या हिशेबात येतच नाहीत. शिवाय ट्रक वाघिणीवर चढवण्याआधी त्याची उंची तपासावी लागते. टनेलमध्येही आतलं पॅकेट त्याच्या हेडरसह जसंच्या तसं उचललं जातं आणि त्यावर दुसरं आयपी हेडर चढतं. मधले राउटर फक्त हे बाहेरचं हेडर वाचतात. पलीकडचा स्विच ते उतरवतो आणि आतलं पॅकेट पुढे सोडतो. त्यामुळे मध्ये आठ राउटर असले तरी ट्रेसराउटमध्ये टनेल एकाच टप्प्याचा दिसतो. ही सोय आहे आणि बिघाड शोधणाऱ्याची अडचणही, कारण रस्त्यात जे काही चुकतंय ते त्या एका टप्प्याच्या आड गेलेलं असतं.

ही कल्पना आजची नाही. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगो इथे झालेल्या आयईटीएफच्या बैठकीचा आवाज इंटरनेटवरून प्रसारित झाला, त्यातून एमबोन हे मल्टिकास्टचं जाळं उभं राहिलं. मल्टिकास्ट समजणारी ठिकाणं तेव्हा बेटांसारखी विखुरलेली होती आणि मधल्या राउटरांना मल्टिकास्ट कळत नव्हतं, म्हणून ती बेटं टनेलने जोडली गेली. सुरुवातीच्या टनेलमध्ये पॅकेटला वेगळं हेडर चढवत नसत. आयपीच्या हेडरमध्येच एक पर्याय जोडून मार्ग सांगितला जाई. असा पर्याय असलेलं पॅकेट आलं की मधल्या राउटरांना त्यांची जलद वाट सोडून ते सावकाश, एकेक करून हाताळावं लागे. हा भार लक्षात आल्यावर ती पद्धत सोडून पॅकेटमध्ये पॅकेट घालण्याची पद्धत स्वीकारली गेली. पहिल्याच मोठ्या प्रयोगात टनेलची रचना बदलावी लागली ती खालून वाहणाऱ्या यंत्रांना बाहेरचं पॅकेट झेपेना म्हणून, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. त्यानंतर ऑक्टोबर १९९४ मध्ये जीआरई हा प्रकार आरएफसी १७०१ मध्ये लिहिला गेला, १९९६ मध्ये आयपी-इन-आयपी आलं, आणि मार्च २००० मध्ये आरएफसी २७८४ ने जीआरईचं हेडर छाटून साधं केलं. आज स्विचवर हाताने टनेल लिहिणारा बहुधा याच जीआरईशी व्यवहार करत असतो.

आता वाटेचा प्रश्न. समजा, पुण्याच्या स्विचवर सोर्स आहे १९२.०.२.१ आणि नागपूरच्या टोकाचा पत्ता आहे १९८.५१.१००.७. (हे दोन्ही पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटांतले आहेत.) टनेल उभा राहिला आणि त्यावर ओएसपीएफ चालू केलं. नागपूरच्या स्विचने आपल्याकडची सगळी नेटवर्क्स ओएसपीएफमधून कळवली आणि त्यात १९८.५१.१००.० हे नेटवर्कही होतं. पुण्याच्या स्विचकडे बाहेरच्या जगासाठी फक्त डिफॉल्ट रूट होता. नव्या माहितीमुळे त्याला १९८.५१.१००.७ कडे जायची अधिक नेमकी वाट मिळाली, आणि ती वाट टनेलमधूनच जाते. म्हणजे टनेलच्या टोकापर्यंत पोचण्यासाठी टनेलमध्ये शिरायचं. स्विचला हे वेटोळं कळतं, तो टनेल तात्पुरता बंद करतो आणि लॉगमध्ये रिकर्सिव्ह राउटिंगची नोंद टाकतो. टनेल पडला की ओएसपीएफने शिकवलेली वाट गळते, डिफॉल्ट रूट पुन्हा लागू होतो, टनेल उठतो, ओएसपीएफ पुन्हा तेच शिकवतं आणि टनेल पुन्हा पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला सेवा देणाऱ्या कंपनीची लिंक सारखी तुटतेय असं वाटतं. लिंक मात्र क्षणभरही तुटलेली नसते. इलाज सोपा आहे, पण तो टनेलची पहिली ओळ लिहिण्याआधी करायचा आहे: पलीकडच्या टोकाच्या एकट्या पत्त्यासाठी भौतिक लिंकवरून जाणारा स्टॅटिक रूट लिहायचा, आणि टोकांचे पत्ते ज्या नेटवर्कमध्ये आहेत ते नेटवर्क टनेलमधून कधीच कळवायचं नाही. ज्या स्विचवर व्हीआरएफची सोय आहे तिथे बाहेरचं हेडर एका राउटिंग टेबलमधून आणि आतलं पॅकेट दुसऱ्यातून चालवता येतं. मग हे वेटोळं पडायला जागाच उरत नाही.

यावर कुणी म्हणेल की वाट चुकली तर इंटरफेस 'डाऊन' दिसेलच की, एवढी आधीपासून काळजी कशाला? पण मूळ जीआरईला कसलीही स्मृती नाही. दोन टोकांमध्ये हस्तांदोलन होत नाही, पलीकडे कुणी आहे का हे कुणी विचारत नाही. सोर्सचा इंटरफेस चालू आहे आणि डेस्टिनेशनकडे जाणारा कुठला तरी रूट टेबलमध्ये आहे, एवढ्यावर टनेल 'अप' होतो. डिफॉल्ट रूट असेल तर जगातला कुठलाही पत्ता 'पोचण्याजोगा' ठरतो. नागपूरचा स्विच बंद असला तरी पुण्यात हिरवा दिवा. म्हणून कीपअलाइव्ह लावावं लागतं, आणि सिस्कोने जीआरईसाठी काढलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. पुण्याचा स्विच आधी नागपूरकडून पुण्याला येणारं असावं तसं एक पॅकेट बनवतो, ते जीआरईमध्ये गुंडाळतो आणि नागपूरला धाडतो. नागपूरचा स्विच नेहमीसारखं बाहेरचं हेडर उतरवतो. आत पाहतो तर पत्ता पुण्याचा, म्हणून तो ते परत पाठवतो. नागपूरला वेगळं काही शिकवावं लागत नाही. सिस्कोवर ही सोय आपोआप चालू नसते. नुसती चालू केली तर दर १० सेकंदांनी एक पॅकेट जातं, आणि लागोपाठ ३ परत आली नाहीत की टनेल खाली घेतला जातो. ज्या स्विचवर हे नाही तिथे ओएसपीएफचे हॅलो किंवा बीएफडी हेच काम करतात. पण यातलं कुठलंही साधन लहान पॅकेटांवर चालतं, त्यामुळे रस्ता आहे एवढंच त्यातून कळतं. मोठं पॅकेट जाईल का, हे त्यातून कळत नाही.

आणि सगळ्यात जास्त तास खाणारा भाग हाच. इथरनेटवर आयपी पॅकेटची नेहमीची कमाल लांबी १५०० बाइट. जीआरईने त्यातले ४ घेतले आणि बाहेरच्या आयपी हेडरने २०. आतल्या पॅकेटला उरले १४७६. टनेलला की, म्हणजे टनेल ओळखण्याचा आकडा, लावली तर आणखी ४ जातात आणि उरतात १४७२. खाली पीपीपीओईची ब्रॉडबँड लिंक असेल तर मुळातच १४९२ बाइट मिळतात, म्हणजे साध्या जीआरईला १४६८. टीसीपी सुरुवातीलाच ठरवतं की एका खेपेत किती माल घ्यायचा. १५०० च्या लिंकवर हा आकडा १४६० असतो, टनेलवर तो १४३६ हवा. वापरणाऱ्याचा संगणक आणि सर्व्हर दोघेही आपापल्या १५०० च्या लिंकवर बसलेले असतात, मधल्या टनेलचा त्यांना पत्ता नसतो, म्हणून ते १४६० वरच सहमत होतात. जोडणी करणारी पॅकेट लहान, ती जातात. लॉगिनची देवाणघेवाण लहान, तीही जाते. पहिली मोठी फाइल निघाली की पॅकेट पूर्ण भरून १५०० चं होतं आणि टनेलच्या तोंडाशी अडतं. आधुनिक संगणक त्यावर 'तुकडे करू नका' अशी खूण लावतात, म्हणून स्विच ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप धाडतो की १४७६ पेक्षा मोठं पाठवू नकोस. १९९० च्या आरएफसी ११९१ मध्ये ही सगळी पद्धत लिहिलेली आहे. तो निरोप पोचला तर पाठवणारा आकार कमी करतो आणि काम चालू राहतं. पण सुरक्षेच्या नावाखाली वाटेतल्या एखाद्या फायरवॉलवर सगळंच आयसीएमपी बंद केलेलं असतं. निरोप मधेच मरतो, पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि समोरचा माणूस स्तब्ध पडद्याकडे बघत बसतो.

याची तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती टनेल ग्राहकाच्या हाती देण्याआधीच व्हायला हवी. टनेलच्या अलीकडच्या संगणकावरून पलीकडच्या संगणकाला 'तुकडे करू नका' या खुणेसह पिंग करायचं, आतला डेटा १४४८ बाइटचा ठेवून. त्यात पिंगची २८ बाइटची हेडरं मिळवली की बरोबर १४७६ होतात. हे पॅकेट गेलं पाहिजे आणि १४४९ चं अडलं पाहिजे. शिवाय अडताना 'फार मोठं आहे' असा निरोप परत आला पाहिजे. पहिलंच गेलं नाही तर खालच्या रस्त्यावर आणखी कुणीतरी बाइट खातंय. निरोप न येता दुसरं नुसतं हरवलं तर आयसीएमपी कुठेतरी अडलंय. साधं, आकार न सांगता केलेलं पिंग यातलं काहीही दाखवत नाही, तरीही बहुतेक ठिकाणी त्याच्यावरच काम पूर्ण झाल्याचा शेरा पडतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

'मोठी पॅकेट तोडू द्या की, आयपीमध्ये तुकडे करायची सोय आहेच' हा आक्षेप इथे हमखास येतो. राउटरवर त्यात थोडं तथ्य आहे. स्विचवर नाही, आणि ते का नाही हे कळायला चिपमध्ये डोकावावं लागतं. स्विचचा सगळा वेग त्याच्या चिपमध्ये आहे. एका गिगाबिट पोर्टवर ६४ बाइटच्या सर्वांत लहान फ्रेम पूर्ण वेगाने आल्या तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार होतात, आणि असे ४८ पोर्ट चिप एकटी सांभाळते. ती हे करू शकते कारण प्रत्येक फ्रेमवर ती ठरावीक कामं ठरावीक क्रमाने एकदाच करते: हेडर वाचायचं, टेबलमध्ये पत्ता शोधायचा, हेडरमध्ये थोडा बदल करायचा, पोर्टवर सोडायचं. पॅकेटचे तुकडे करणं, आलेले तुकडे साठवून जोडणं ही कामं या साच्यात बसत नाहीत. ती स्विचच्या सीपीयूकडे जातात, आणि तो सीपीयू स्विचचा कारभार पाहण्यापुरता, बेताच्या ताकदीचा असतो. त्याच्यावर तुकड्यांचा भार पडला की आधी टनेल मंदावतो आणि पाठोपाठ ओएसपीएफचे हॅलो चुकू लागतात.

नुसतं टनेलचं हेडर चढवणंही या साच्याला सोपं नाही. आतल्या पत्त्याचा शोध घेतला, कळलं की पॅकेट टनेलमध्ये जायचंय, बाहेरचं हेडर चढवलं. आता या नव्या हेडरमधल्या पत्त्याचा पुन्हा शोध घ्यायला हवा, आणि चिपमधली शोधाची पायरी तर मागे पडली. यावर निर्मात्यांनी काढलेला तोडगा फार बोलका आहे. एचपी आणि एच३सी यांच्या कॉमवेअर प्रणालीवरच्या अनेक स्विचांवर टनेल चालवायचा तर आधी 'सर्व्हिस लूपबॅक ग्रुप' तयार करून त्यात एक रिकामा पोर्ट घालावा लागतो. त्या पोर्टला केबल लावायची नाही, त्यावर दुसरी कुठलीही सेटिंग ठेवायची नाही. हेडर चढवलेलं पॅकेट या पोर्टकडे जातं, तिथूनच मागे वळतं आणि नव्याने आल्यासारखं चिपमध्ये शिरतं; दुसऱ्या फेरीत बाहेरच्या पत्त्याचा शोध होतो. हा ग्रुप तयार करायचा राहिला तर सोर्स, डेस्टिनेशन, सगळं अचूक असूनही टनेलमधून काही जात नाही. हुआवेच्या काही स्विचांवर यासाठी इथ-ट्रंकला टनेलच्या सेवेला लावतात, आणि ज्युनिपरच्या ईएक्स मालिकेतल्या काही स्विचांवर एक पोर्ट टनेलपोर्टमध्ये बदलावा लागतो, जो मग नेहमीच्या वाहतुकीला वापरता येत नाही. तीन निर्मात्यांना तीच गोष्ट करावी लागली, कारण अडचण चिपच्या रचनेतच आहे. त्याचा थेट परिणाम वेगावर होतो. लूपबॅकला एक गिगाबिटचा पोर्ट दिला असेल तर वरची लिंक दहा गिगाबिटची असूनही टनेलला एक गिगाबिटपेक्षा जास्त मिळणार नाही. दुपारच्या गर्दीत रेंगाळणाऱ्या टनेलचं कारण कित्येकदा हेच असतं, आणि ते वरच्या लिंकच्या आलेखात कधीच दिसत नाही. सिस्कोच्या कॅटालिस्ट ६५०० वर, सुपरव्हायझर ७२० सोबत, वेगळाच नियम होता: प्रत्येक टनेलचा सोर्स स्वतंत्र हवा. दोन टनेलना एकच सोर्स दिला, अगदी डेस्टिनेशन वेगवेगळी असली तरी, की हार्डवेअर हात वर करतं आणि काम सॉफ्टवेअरकडे जातं. टनेलला की लावली तरी तेच. म्हणून तिथे प्रत्येक टनेलसाठी वेगळा लूपबॅक इंटरफेस बनवायची शिस्त होती. पाच ओळी तोंडपाठ असलेल्या माणसाला हे नियम ठाऊक नसतात, कारण त्या ओळींत ते कुठेच उमटत नाहीत. स्विचच्या मॉडेलनुसार त्याच्या मर्यादांचं पान उघडून वाचणं हाच त्यावर उपाय.

मग टनेल स्विचवर करायचाच कशाला, राउटर आणा, असं कुणी म्हणेल. एन्क्रिप्शन हवं असेल तर हे म्हणणं मी बिनशर्त मान्य करतो. जीआरईमध्ये गुप्तता मुळीच नाही, आणि आयपीसेक झेपणारे स्विच थोडेच. इंटरनेटवरून कार्यालयाचा डेटा न्यायचा असेल तर राउटर किंवा फायरवॉलच हवा. पण एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात, जिथे मधलं जाळंही आपलंच आहे आणि दोन इमारतींतल्या प्रयोगशाळांचं आयपीव्ही६ जुन्या आयपीव्ही४ च्या कण्यावरून न्यायचंय, तिथे स्विचवरचा टनेल हा उत्तम मार्ग आहे. तिथे खालच्या रस्त्याची मालकी आपल्याकडे असते, त्यामुळे आकाराचा प्रश्न मुळातूनच सोडवता येतो: कण्यावरच्या सगळ्या पोर्टांवर ९००० बाइटच्या आसपासच्या जम्बो फ्रेम चालू करायच्या, म्हणजे वाढीव २० किंवा २४ बाइट कुणाला जाणवणारही नाहीत. मात्र वाटेतला एकही पोर्ट राहून गेला तर त्याच्यापाशी मोठी फ्रेम काही न सांगता गळते, कारण लेअर टूच्या पोर्टला आयसीएमपीचा निरोप पाठवता येत नाही. म्हणून जम्बो चालू केल्यावरही मघाची पिंगची तपासणी करायचीच, आकडे तेवढे मोठे घेऊन.

दुसरा आक्षेप काळाचा. आता व्हीएक्सलॅन आहे, एसडी-वॅन आहे, टनेल आपोआप बांधले जातात. जीआरई हाताने कोण लिहितो? एक तर पुष्कळ जण लिहितात. एडब्ल्यूएसने २०२० च्या डिसेंबरात आणलेली ट्रान्झिट गेटवे कनेक्ट ही सोय जीआरईवरच चालते, आणि डीडॉस हल्ल्यांची वाहतूक गाळून स्वच्छ वाहतूक ग्राहकाकडे पोचवणाऱ्या सेवाही जीआरईचाच आधार घेतात. दुसरं असं की व्हीएक्सलॅन हाही टनेलच आहे. २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्ये तो आला तो व्हीलॅनच्या १२ बिटांत मावणाऱ्या चार हजारांच्या जागी २४ बिटांतली १ कोटी ६७ लाखांहून अधिक नेटवर्क्स देण्यासाठी. त्याची किंमत ५० बाइट, जीआरईच्या दुपटीहून जास्त. चिपची अडचणही नव्या रूपात परत आली. ब्रॉडकॉमच्या ट्रायडेंट २ या चिपला व्हीएक्सलॅनमध्ये ब्रिजिंग जमायचं, पण एका व्हीएक्सलॅनमधून दुसऱ्यात राउटिंग करायचं तर पॅकेट पुन्हा एकदा चिपमधून फिरवावं लागे, आणि त्यासाठी पोर्ट खर्ची पडत. पुढच्या पिढ्यांमध्ये ते एका फेरीत होऊ लागलं. डेटा सेंटर बांधणाऱ्यांनी यातून क्रम शिकून घेतला: आधी अंडरले, म्हणजे लूपबॅक पत्ते, त्यांच्यातले रूट, वाढवलेला एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) आणि त्याची चाचणी, त्यानंतरच त्यावर ओव्हरले. हाताने लिहिलेल्या एकट्यादुकट्या टनेललाही तोच क्रम लावा, एवढंच मी म्हणतोय.

राहिला सुरक्षेचा भाग, आणि इथे तर बाहेरच्या पॅकेटचा विचार टाळणं महागात पडतं. टनेलचं टोक म्हणजे असं ठिकाण जिथे आलेल्या पॅकेटचं वरचं हेडर काढून आतलं पॅकेट आपल्या घरात सोडलं जातं. वरच्या हेडरवरचा प्रेषकाचा पत्ता खोटा लिहिणं अवघड नाही, आणि जीआरईची की हा ३२ बिटांचा उघडा आकडा आहे, कुलूप नव्हे. जून २०२० मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२०-१०१३६ या त्रुटीत सिस्कोच्या नेक्सस मालिकेतले अनेक स्विच सापडले. स्विचच्या स्वतःच्या पत्त्यावर आयपी-इन-आयपीचं पॅकेट आलं की ते उघडलं जायचं आणि आतलं पॅकेट पुढे जायचं, तसा टनेल कुणी मांडलेला नसतानाही. बाहेरच्या हेडरवर लावलेले एसीएल अशाने आतल्या पॅकेटला लागूच होत नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की इंटरनेटवरची ४० लाखांहून अधिक यंत्रं अनोळखी प्रेषकाकडून आलेली टनेलची पॅकेट न विचारता उघडतात. तेव्हा बाहेरच्या इंटरफेसवर एसीएल आधी लिहायचा: प्रोटोकॉल ४७, म्हणजे जीआरई, फक्त नागपूरच्या त्या एका पत्त्याकडून आणि फक्त आपल्या सोर्स पत्त्यासाठी, प्रोटोकॉल ४ आणि ४१, म्हणजे आयपी-इन-आयपी आणि आयपीव्ही४ मधून येणारं आयपीव्ही६, वापरात नसतील तर सरसकट बंद. आयसीएमपीतला 'फार मोठं आहे' हा निरोप मात्र त्याच एसीएलमध्ये आठवणीने चालू ठेवायचा. आतून निघणाऱ्या पॅकेटसाठी वेगळा एसीएल टनेल इंटरफेसवर, कारण बाहेरच्या एसीएलला आतलं काहीच दिसत नाही. आणि काही स्विचांवर टनेल इंटरफेसवर एसीएल लागतच नाही, तिथे तो पलीकडच्या व्हीलॅन इंटरफेसवर लावावा लागतो.